एकसारखी रांग

दुपारचं जेवण उरकून रुपराव दुकानामागच्या खोलीत आडवे झाले, की शामलाचं दुसरं दुकान उघडायचं.

पहिलं दुकान सगळ्या लकडगंजला ठाऊक होतं. लाकडाच्या वखारींमागच्या गल्लीत, छापखान्यांना कोरे टी-शर्ट ठोक भावानं पुरवणारं. त्यावर ना चित्र, ना अक्षर, ना खिसा. पुढे कोणी त्यावर शाळेचं नाव छापायचं, कोणी मंडळाचं, कोणी गेलेल्या मित्राचा फोटो. इथून निघताना मात्र ते कोरेच निघायचे, नुकत्याच पुसलेल्या पाटीसारखे.

दुसऱ्या दुकानाची खबर फक्त शामलाला होती, आणि भिंतीपलीकडे पिको-फॉलचं मशीन चालवणाऱ्या सिंधूताईला.

आतून घोरण्याची लय लागली की शामला उठायची. सकाळभर रुपरावांनी निवडून बांधलेले गठ्ठे एकेक करून उंबऱ्यापाशी ओढायची. सुतळीची गाठ सोडायची. वरचा टी-शर्ट उचलून उन्हात धरायची, खाली ठेवायची. दुसरा उचलायची. आणि मग नवऱ्यानं लावलेली सगळी मांडणी मोडून नव्यानं लावायची. गठ्ठा पुन्हा तस्साच बांधायची, गाठसुद्धा रुपरावांसारखी उलटी मारायची, आणि तो जिथून ओढला तिथेच नेऊन ठेवायची. हे करताना तिच्या ओठांवर आईची वेचणीची ओळ आपोआप यायची. काटोलकडच्या कापसाच्या शेतात आई पुढे आणि ती मागे, कंबरेला ओटी बांधून चालायच्या, तेव्हाची.

*फुटलं बाई बोंड, पांढरं पांढरं रान*
*वेचू वेचू किती, संपेना दिसाचं दान*

"पुन्हा मांडलं काय वं?" सिंधूताई मशीन थांबवून दारात यायची. "एक माणूस घर बांधते, दुसरं माणूस पाडून बांधते. तुमच्या घरी मिस्त्री दोन, भिंत एकच."

"हळू बोल ना बाप्पा. जागे होतील."

"होऊ दे जागे! तो भला माणूस झोपेत घोरून राहिला, अन् तू जागेपणी मरून राहिली. सांगून काहून नाही टाकत?"

"सांगीन."

"कधी? पुढच्या जन्मी?"

शामला हसायची. हसताना उजवा खांदा दुखायचा, म्हणून हसणंही आखूड व्हायचं.

रुपरावांचा धंदा उरल्यासुरल्या मालाचा. तिरुपूरहून बड्या व्यापाऱ्यांकडे माल यायचा, त्यातला बराच खपायचा, आणि प्रत्येक खेपेचा थोडा थोडा माल गोदामात पडून राहायचा. रुपराव फटफटीवर फिरून तो गोळा करायचे. स्वस्त पडायचा, पण त्यात एक खोट होती. लोक समजतात पांढरा म्हणजे एक रंग. तसं नसतं. एका हौदात धुतलेला कपडा निळसर निघतो, दुसऱ्या हौदातला पिवळसर, तिसऱ्यातला राखेचा हात लागल्यासारखा. दुकानात ट्यूबलाइटखाली सगळे सख्खे भाऊ. उन्हात उभे केले की कोण सावत्र ते कळतं. आणि टी-शर्ट ठोकात घेणारा माणूस तो एकट्यादुकट्यासाठी घेत नाही. तो रांगेसाठी घेतो. शाळेची रांग, कंपनीची रांग, मिरवणुकीची रांग. रांगेत एक सावत्र उभा राहिला की सगळी रांग मळकी दिसते.

म्हणून रुपराव उंबऱ्यात उभे राहायचे. टी-शर्ट झटकून उन्हाला दाखवायचे आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचे. त्यांच्याजवळ पांढऱ्याला नावं होती. हा ताकाचा, हा चुन्याचा, हा बगळ्याचा, हा नव्या तांदळाचा. रामटेकजवळच्या धानाच्या गावातले ते. म्हणायचे, "माह्या बापानं मूठभर धान पाहून सांगावं का हे कोणत्या बांधीतलं. मी कपडा पाहून सांगतो का हा कोणत्या हौदातला." दहा ठिकाणचा उरलेला माल त्यांच्या हाताखालून गेला, की एकाच आईच्या पोटचा होऊन बाहेर पडायचा. नवी पोरं फोनवर ऑर्डर घेत, बंद खोके जसेच्या तसे पाठवत. छापखानेवाले तरी गल्ली शोधत रुपरावांकडे यायचे. दुकानाला पाटीसुद्धा धड नव्हती. रुपरावांचा डोळा, हीच पाटी.

तो डोळा कधी विझायला लागला, हे शामलालाही नेमकं सांगता आलं नसतं. मागच्या दिवाळीनंतर कधीतरी एका गठ्ठ्याची सुतळी तुटली, आणि बांधता बांधता तिला दिसलं की दुधासारख्या टी-शर्टाच्या पोटाशी तुपासारखा एक झोपला आहे. झाली असेल चूक, म्हणून तिनं तो काढला. पुढच्या गठ्ठ्यात तसे चार निघाले. मग अर्धा गठ्ठा. इकडे रुपराव ट्यूबवर रागवायचे. "मंदावली वाटते," म्हणून नवी आणून लावायचे, आणि नवी लावल्यावर "कंपन्याच लबाड झाल्या" म्हणायचे. उंबऱ्यात उभे राहून टी-शर्ट पूर्वीसारखाच झटकायचे, पूर्वीच्याच ठसक्यानं "ताकाचा!" म्हणायचे. फक्त आता जवळजवळ सगळंच ताक झालं होतं.

पहिल्यांदा तिनं सांगितलं नाही, कारण चूक लहान होती. नंतर सांगितलं नाही, कारण चूक मोठी झाली होती.

आणि एकदा न सांगता दुरुस्त केलं, की रोजच करावं लागतं. तिला आधी पांढऱ्यातलं काही कळत नव्हतं. डोळे ताणून ताणून कळायला लागलं. सकाळी हिशेबाचे फोन, पार्सलं, चहा. दुपारी ही दुसरी पाळी. संध्याकाळी घरी स्वयंपाक. मुलगी भूमिका हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर, तिची पाळी बदलती. ती रात्री आईचा खांदा चोळून द्यायची आणि म्हणायची, "आई, काय उचलते वं तू एवढं?" शामला म्हणायची, "काही नाही. पांढरं ढग उचलते." हे खोटं नव्हतं. ढगाला वजन नसतं असं कोण म्हणतं? सबंध तलाव पाठीवर घेऊन तो चालत असतो.

आश्विन लागला. पाऊस सरला, ऊन परत कडक झालं, आणि नागपूरला पांढऱ्याचे दिवस आले. धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ येऊ लागला की दुकानात दुसऱ्या रंगाला कोणी विचारत नाही. एका सकाळी देवाजी आला. इंदोऱ्याकडे त्याचं छपाईचं दुकान. धंदा नवा होता तेव्हापासून तो इथूनच माल उचलायचा.

"जयभीम भाऊ. जयभीम वहिनी."

"जयभीम. ये गा, बस," रुपराव म्हणाले. "यंदा उशीर केला?"

"वस्तीतल्या पोरापोरींनी उशीर केला ना. भोजनदानाचा स्टॉल लावून राहिले. अन् यंदा त्यायले सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट पाह्यजेत. पांढरा, छातीवर निळं अक्षर. माही सोनिकाच पुढारी हाय त्यायची. मले म्हणते, बाबा, मागच्या वर्षी बाजूच्या स्टॉलवाले सगळे येगयेगळे दिसत होते, आपली रांग एक दिसली पाह्यजे. दुरून पाहिली त चुन्याची रेघ वाटली पाह्यजे."

"मंग?"

"मंग काय. म्हटलं, रेघ मारणारा माणूस लकडगंजात बसते."

रुपरावांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून शामलानं पाणी आणायच्या निमित्तानं पाठ फिरवली. पन्नाशी ओलांडलेला, रोज थोडा थोडा विझत चाललेला माणूस, पण कोणी डोळ्याचं नाव काढलं की अजून नवरदेवासारखा उजळायचा.

"काळजी कायची करतं गा," ते म्हणाले. "दीक्षाभूमीच्या कामाले रुपरावचा माल दोन रंगाचा निघन? तसं झालं त हे शटर मी खाली ओढीन."

तो आठवडा रुपराव उंबऱ्यातून हलले नाहीत, दुपारी आडवेही झाले नाहीत. सकाळचं कोवळं ऊन लागताच उभे राहायचे. दुसरा माल बाजूला ठेवला, चहा बाजूला ठेवला. एकेक टी-शर्ट असा उचलायचे, जसा कोणी बाळाला उचलावा. अंगातल्या सगळ्या कसबाची त्यांनी जणू मूठ आवळली होती. आणि शामला गल्ल्यावर बसून पाहत होती. डावीकडचा निळसर, त्यावर पिवळसर, त्यावर पुन्हा पिवळसर, मग निळसर. ते "बगळा" म्हणून ताक टाकत होते आणि "बगळा" म्हणून बगळाही टाकत होते. इतक्या मायेनं केलेली इतकी मोठी चूक तिनं आजवर पाहिली नव्हती.

गठ्ठे भिंतीला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजीचा माणूस ते न्यायला येणार होता. रुपराव जेवले, समाधानानं आडवे झाले आणि लगेच घोरू लागले.

शामला उठली. पहिला गठ्ठा उंबऱ्यापाशी ओढला. खांद्यातून कळ निघाली ती मानेपर्यंत गेली. तिनं गाठ सोडली, वरचे दोन टी-शर्ट दोन हातांत धरले. एक दूध, एक तूप. ऊन त्यांच्यावर सारखंच पडलं होतं. उन्हाला काही फरक पडत नव्हता.

तिनं गठ्ठ्यांच्या भिंतीकडे पाहिलं. हे सगळं उकलायचं. एकेक उन्हात धरायचं. डावा, उजवा. पुन्हा बांधायचं, उलट्या गाठीनं. तो जागा व्हायच्या आत. आणि दिवाळीचा माल आला की पुन्हा. मग संक्रांतीचा. मग शाळांचा. खांदा गळून पडेपर्यंत नाहीतर तो मरेपर्यंत नाहीतर आपण.

आईची ओळ ओठांवर आली नाही. दुसरीच आली, कुठून आली कोण जाणे. कोणा बाईनं कधीतरी शेताच्या धुऱ्यावर बसून म्हटली असेल.

*भरलेली ओटी माही, सांगू कोणाले मी जड*
*पुढं चालते सासर, मागं फिरते ना वाट*

तिनं दोन्ही टी-शर्ट पुन्हा गठ्ठ्यावर ठेवले. जसे होते तसे, दूध खाली, तूप वर. आणि सुतळी बांधली. या वेळी सरळ गाठ मारली.

सिंधूताई दारात उभी होती. "झालं एवढ्यात?"

"नाही लावत आज."

"आँ?"

"नाही लावत, सिंधू. जाऊ दे. देवाजी उन्हात नेईन, पाहीन, अन् येऊन तोंडावर सांगन. कोणीतरी सांगाच ना यायले. मीच काहून?"

सिंधूताईनं पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. आत जाऊन थोडं तेल घेऊन आली आणि शामलाच्या खांद्याला लावत बसली. आतून घोरणं ऐकू येत होतं, संथ, निर्धास्त.

माल गेला. शामला देवाजीच्या फोनची वाट पाहत राहिली. फोन वाजला की हातातलं काम टाकून धावायची, आणि दुसरंच कोणी निघालं की पुन्हा वाट पाहायची. देवाजीची छपाई एका बिनखिडकीच्या खोलीत चालायची, दिवसरात्र ट्यूबखाली. तिथे सगळे सख्खे भाऊ. तिथून टी-शर्ट घड्या होऊन थेट खोक्यात गेले. ऊन त्यांना भेटलं ते थेट धम्मचक्र प्रवर्तन दिनी.

त्या दिवशी शहराचे सगळे रस्ते एकाच बाजूला वाहत होते. रेल्वेनं, एसटीनं, ट्रॅक्टरनं आलेली माणसं, डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. शामलानं ठेवणीतली पांढरी साडी काढली होती. रस्त्यावर आली तर वाटलं, सगळ्यांनी तीच साडी काढली आहे. बायाच बाया, पांढऱ्याच पांढऱ्या. रुपराव पांढरा सदरा घालून तिच्या पुढे चालत होते, लगबगीनं, मध्येच कोणाला धडकत, "माफ करा माय" म्हणत.

"चाल ना वं लवकर. रांग लागली असन."

"येऊन राहिली ना."

देवाजीच्या वस्तीचा स्टॉल रस्त्याच्या कडेला होता. लांब टेबल, मसालेभाताची पातेली, बुंदीच्या पराती. टेबलामागे पोरंपोरी ओळीनं उभी, हात भराभर चालत होते. ऊन थेट त्यांच्यावर.

शामलानं पाहिलं, आणि तिला वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं. चुन्याची रेघ नव्हती. पावसाळ्यात भिंतीला ओल चढावी तशी ती रांग होती. दोघं उजळ, एक पिवळट, एक उजळ, तिघं पिवळट. निळी अक्षरं मात्र सगळ्यांवर सारखी. रस्त्यानं जाणारं कोणी थांबत नव्हतं, बोट दाखवत नव्हतं. भुकेल्या माणसाला पानातलं दिसतं, वाढणाऱ्याच्या अंगावरचं नाही. पण ज्यांना दिसायचं त्यांना दिसत होतं.

रुपराव टेबलासमोर उभे राहिले. कपाळावर हात आडवा धरला. डोळे बारीक केले. आणि शांतपणे, खोलवर, हसले.

"देवाजी, गा! कशी दिसते रांग?"

देवाजी पातेल्यामागून बाहेर आला. घामानं निथळलेला. त्यानं रांगेकडे पाहिलं, मग रुपरावांकडे पाहिलं. बारीक केलेल्या त्या डोळ्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग त्याची नजर शामलाकडे आली. शामलानं नजर हलवली नाही. सांग, ती मनात म्हणाली. सांग ना रे बाबा.

"एक नंबर, भाऊ," देवाजी म्हणाला.

"रेघ वाटते का नाही?"

"फुटपट्टीनं मारलेली."

शेजारी उभी सोनिका बुंदी वाढता वाढता थांबली. "पण बाबा, माहा अन् रोशनचा..."

"बुंदी संपून राहिली तिकडे, दिसत नाही?" देवाजी खेकसला. पोरगी बापाकडे बघतच राहिली. मग तिनं रुपरावांकडे पाहिलं, तिच्याही काहीतरी लक्षात आलं. "हो ना काका," ती म्हणाली, "मस्तच दिसून राहिले सगळ्यायचे." आणि बाजूच्या रोशनला तिनं कोपरानं असं ढोसलं की त्यानंही घाईघाईनं मान हलवली.

सगळे चांगले होते. तेच अवघड होतं. कोणी एक वाईट माणूस भेटला असता तर शामलाचं काम झालं असतं.

रुपराव पत्रावळ घेऊन लोकांत बसले तेव्हा देवाजी तिच्याजवळ आला.

"वहिनी, सकाळी खोके उघडले तवा दिसलं. मी म्हटलं, असं कसं झालं? आता समजलं." तो हातातलं फडकं पिळत राहिला. "मोतीबिंदू हाय का?"

"असन. दाखवलंच नाही त कसं समजन."

"तुम्ही काही बोलू नका त्यायले. पोट्ट्यायचं काय, उद्या धुतले का सगळे सारखेच मळके होतात. मी नवीन मशीन घेतली तवा हा माणूस माह्यासोबत दिवसभर उभा राहिला, कपडा कसा ताणाचा ते शिकवत. मी नाही दुखवू शकत. तुम्ही बायकोमाणूस, तुम्हीच सांभाळून घेता. घेत जा."

घेत जा. शामलाला वाटलं, रस्त्यावरची सगळी बोचकी कोणीतरी आणून आपल्या डोक्यावर ठेवली.

ती सावलीत, फुटपाथवर बसलेल्या बायांच्या घोळक्याच्या कडेला जाऊन बसली. रुपराव जेवून तिच्याजवळ आले, हात पुसत, तृप्त. "भात चांगला होता. तू नाही जेवली?" ते टेकले. "पाह्यली ना रांग? मी म्हटलं होतं का नाही?"

"अवो."

"काय?"

"रांग दोन रंगाची हाय."

ते हसले. "ऊन लागलं वाटते तुले."

"मले नाही लागलं. तुमच्या डोळ्याले एकच पांढरं दिसून राहिलं. वर्ष झालं. तुम्ही झोपले का मी गठ्ठे सोडत होती अन् पुन्हा लावत होती. मागच्या दिवाळीपासून एक बी गठ्ठा तुमच्या हातचा नाही गेला. हाच गेला."

बोलताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. समोरून माणसं जात होती. एक बाई लेकराला पाणी पाजत थांबली, पुढे गेली. एक निळा झेंडा गेला. पोरांचं एक टोळकं पुस्तकांच्या पिशव्या घेऊन गेलं. रुपरावांचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि ते हातांकडे बघत होते, जणू तेही आता एकच दिसत असावेत.

"सिंधूले माहीत हाय?"

"हाव."

"देवाजीले?"

"आज समजलं त्याले."

"अन् तरी म्हणते, फुटपट्टीनं मारलेली." त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग एकदम मान वळवली. आवाज करडा झाला. "वर्षभर लावत होती, मंग यावेळी काहून नाही लावला वं? याच वेळी? या पोट्ट्यायच्या कामाले?"

तिच्याजवळ बरीच उत्तरं होती. देवाजी सांगेल असं वाटलं. तुमच्या भल्यासाठी. कधीतरी कळायलाच पाहिजे होतं. ती सगळी खरी होती, आणि त्यातलं एकही उचलून वर धरण्याचं बळ तिच्यात नव्हतं.

"थकली मी," ती म्हणाली.

एवढंच. रडली नाही. रडायलाही खांदे लागतात.

रुपराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांना ती किती दिसत होती कोण जाणे; चेहरा असेल, त्यावरच्या रेषा नसतील. पण आवाज ऐकणाऱ्याला रेषा दिसाव्या लागत नाहीत.

"बस तू," ते उठत म्हणाले. "उठू नको."

ते स्टॉलकडे गेले. ती उठली नाही. एवढ्या वर्षांत ते कुठे निघाले की तिचं अंग आपोआप उठायचं. आज तिनं अंगाला बसवून ठेवलं. गर्दीतून ते वाट काढत गेले, एका पातेल्याच्या झाकणाला पाय लागला, सावरले. टेबलाशी जाऊन त्यांनी देवाजीला हाक मारली असावी. इथून शब्द ऐकू येत नव्हते. देवाजी नाही नाही म्हणत मान हलवत होता, त्यांचे दोन्ही हात धरत होता. रुपरावांनी हात सोडवून घेतले. मग ते टेबलाच्या मागे गेले आणि रांगेतल्या पहिल्या पोरासमोर उभे राहिले. वाकले. त्याच्या टी-शर्टाचा काठ दोन बोटांत धरून इतका जवळ नेला की नाक लागलं असतं. सोडला. पुढच्या पोरीजवळ गेले. पुन्हा काठ, पुन्हा वाकणं. पोरं वाढायची थांबून उभी राहिली होती, ताठ, शाळेच्या तपासणीत उभी राहावीत तशी. रांगेच्या शेवटापर्यंत ते गेले. प्रत्येकापुढे हात जोडून काही म्हणत होते. सोनिकानं तोंडावर ओढणी धरली होती.

शामलाला वाटलं होतं, हे पाहवणार नाही. पाहवलं. खूप दिवसांनी तो माणूस स्वतःचं काम स्वतः करत होता.

मग ते परत निघाले. हातात पाण्याचे दोन ग्लास होते. फुटपाथच्या जवळ आले आणि थांबले.

समोर बायांचा घोळका वाढला होता. कोणी बसलेल्या, कोणी लेकराला मांडीवर घेऊन लवंडलेल्या, सगळ्या पांढऱ्या साड्यांत. रुपराव एका बाईजवळ गेले, वाकून पाहिलं, मागे सरले. "माफ करा माय." दुसरीजवळ गेले. तीही नव्हती. ग्लासातलं पाणी हिंदकळून त्यांच्या सदऱ्यावर सांडलं. ते ऊन टाळायला मान तिरपी करून इकडे तिकडे पाहू लागले, आणि पांढऱ्याचे ताके उलगडून टाकल्यासारख्या त्या गर्दीत त्यांची बायको त्यांना सापडेना.

शामला पाहत होती.

"अवो!" ती म्हणाली. दोन-तीन बायांनी वळून पाहिलं. "भूमिकाचे बाबा! इकडे!"

ते आवाजाच्या दिशेला वळले. पाय अंदाजानं टाकत, बायांच्या मधून, कोणाच्या पदरावर पाय पडू नये म्हणून जपत आले. शेवटच्या दोन पावलांवर तिनं हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही, पण लागला. ते तिच्याशेजारी बसले. दोन्ही ग्लास चाचपून पाहिले, आणि ज्यात जास्त पाणी उरलं होतं तो तिच्या हातात दिला.

"उद्या दाखवाले जाऊ," ते म्हणाले.

"उद्या दवाखान्यात लय गर्दी राहीन. बाहेरगावचे लोक."

"मंग परवा."

"परवा जाऊ."

"दुकान?"

"बंद ठेवू," शामला म्हणाली, आणि पाणी प्यायली.